हौसेला मोल नाही, तिकिटाला आहे

26 ऑक्टोबर 1912, शनिवार. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी फुटबॉलच्या सामन्यात कार्लाइलच्या पोरांनी जॉर्जटाउन विद्यापीठाला 34-20 असं हरवलं. 28 ऑक्टोबर, सोमवार. तीच पोरं कॅनडात, टोरांटोच्या मैदानावर. तिथं काही वेळ कॅनडाच्या नियमांनी खेळावं लागलं, तरी निकाल 49-1. मधला रविवार प्रवासाचा. मंगळवारी त्यांचा वर्ग भरला असेल तर त्यात काय शिकवलं गेलं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. गुण मात्र आजही शौकिनांना तोंडपाठ आहेत.

त्या हंगामाचं गणित असं. 21 सप्टेंबर ते 28 नोव्हेंबर, म्हणजे दहा आठवड्यांत चौदा सामने. बारा जिंकले, एक बरोबरीत, एक हरले. केलेले गुण 504, दिलेले 114. पिट्सबर्गला 45-8, सिरॅक्यूजला 33-0, ब्राउनला 32-0. एकट्या पेनसिल्वेनिया विद्यापीठानं त्यांना 34-26 असं हरवलं. खेळ अमेरिकी फुटबॉलचा: लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. धसमुसळा आणि त्या काळी जीवघेणाही. 1905 च्या एका हंगामात दीड डझनाच्या आसपास पोरं दगावली, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. 1906 मध्ये नियम बदलले, चेंडू पुढं फेकायला परवानगी मिळाली. मोठी कॉलेजं या नव्या युक्तीकडं नाक मुरडून बघत होती. कार्लाइलनं 1907 मध्ये ती अशी आत्मसात केली की पेनसिल्वेनियाला 26-6, हार्वर्डला 23-15 आणि शिकागोला 18-4 अशी धूळ चारली.

गंमत म्हणजे ज्यांच्याशी सामने होत ती जवळपास सगळी कॉलेजं होती, आणि कार्लाइल कॉलेज नव्हतंच. ती सरकारी निवासी शाळा होती, अमेरिकेतल्या आदिवासी मुलामुलींसाठी काढलेली. (आमच्या लहानपणी पुस्तकांत त्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत. कोलंबसाची दिशा चुकली आणि त्यांचं नाव आपल्यावरून पडलं; याबद्दल दोघांनीही त्याचे आभार मानायचं कारण नाही.) पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल गावी, लष्कराच्या रिकाम्या बराकींत, रिचर्ड हेन्री प्रॅट या घोडदळातल्या अधिकाऱ्यानं 1879 मध्ये ती सुरू केली. त्याचं ब्रीद त्यानंच एका भाषणात सांगून ठेवलंय: त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा. आल्या दिवशी केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवायचा, मातृभाषा बोलली तर शिक्षा. सुरुवातीच्या तुकडीत तर फळ्यावर इंग्रजी नावं लिहिली होती आणि मुलानं हातात काठी घेऊन त्यातलं एक दाखवायचं. दाखवलं ते त्याचं नाव. वाचता न येणाऱ्या पोरानं स्वतःचं नाव असं निवडलं. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकी, लोहारकी, शिवण, धुणं. सुट्टीत गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी मजुरी. तिला ‘आउटिंग’ असं सहलीसारखं गोड नाव होतं.

त्या आवाराच्या कडेला कबरस्तान आहे. एकसारखे पांढरे दगड, लष्करी रांगेत. नाव, जमात, तारीख. काही दगडांवर नावाच्या जागी फक्त ‘अज्ञात’. क्षयानं आणि इतर साथींनी गेलेली मुलं. 1927 मध्ये लष्कराला जागा हवी होती म्हणून हे दफनस्थानही मूळ ठिकाणाहून हलवलं. 2017 पासून जमाती आपापल्या मुलांचे अवशेष एकेक करून परत घरी नेताहेत. 1912 च्या हंगामाबद्दल लिहिताना या दगडांना वळसा घालून पुढं जाता येत नाही, निदान मला तरी.

आता ही हंगामाची गोष्ट एरवी कशी सांगितली जाते ते बघा. तिचा कळस ठरलेला असतो: 9 नोव्हेंबर 1912, वेस्ट पॉइंट, लष्कराची अकादमी. समोर उद्याचे सेनाधिकारी. त्यांच्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण, पुढं राष्ट्राध्यक्ष झाला तोच. ज्या सैन्यानं 29 डिसेंबर 1890 रोजी वूंडेड नी इथं लकोटा जमातीच्या अडीचशेहून अधिक पुरुषांना, बायाबापड्यांना आणि पोरांना मारलं, त्याच सैन्याचा संघ. प्रशिक्षक ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर यांनी सामन्याआधी पोरांना त्याचीच आठवण करून दिली असं सांगतात. वडिलांना बंदुकीनं हरवणाऱ्यांच्या पोरांना चेंडूनं हरवायची संधी. निकाल 27-6. लष्कराच्या कर्णधाराला तर मारामारीबद्दल पंचांनी मैदानाबाहेर काढलं. आणि मैदानावर कार्लाइलचा जिम थॉर्प, जो चारच महिन्यांपूर्वी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आला होता.

मला ही गोष्ट आवडते. कुणाला आवडणार नाही? साहेबाला त्याच्याच खेळात धूळ चारली, हा आपल्याकडचाही जुना लाडका प्रकार. पण ती इतकी वेळा सांगितली गेलीय की तिच्यातली माणसंसुद्धा पुसट झालीत. वेस्ट पॉइंटच्या त्या सामन्यात थॉर्प वाऱ्यासारखा पळला खरा, पण टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन पलीकडची शेवटची रेषा ओलांडणं, त्याच्या नावावर एकही नाही. तीन ॲलेक्स अर्कासाचे, एक जो बर्गीचा. खेळीची आखणी मैदानावर हाकत होता क्वार्टरबॅक गस वेल्श, ओजिब्वे जमातीचा, लहानखुरा. त्याचं नाव लक्षात ठेवा.

माझा मुद्दा साधा आहे. सामने पोरांनी जिंकले, यात वाद नाही. हंगाम मात्र पोरांचा नव्हता. तो शाळेचा होता, प्रशिक्षकाचा होता, तिकीट खिडकीचा होता. आणि शिक्षणसंस्थेनं विद्यार्थ्याच्या अंगमेहनतीवर गल्ला भरावा का, भरला तर त्यावर हक्क कुणाचा, हा जो प्रश्न अमेरिका आज मोठ्या आवेशानं सोडवायला बसलीय, तो त्या हंगामातच सगळा उघडा पडला होता. बघायचं कुणाला नव्हतं, एवढंच.

सामन्यांची यादी पुन्हा काढा. पहिले तीन-चार सामने घरी किंवा शेजारी, तेही ऑल्ब्राइट, लेबनन व्हॅली अशा बारक्या कॉलेजांशी. एकदा हंगाम तापला की संघ गावाबाहेर, महिना-दोन महिने. कारण कार्लाइल गावात बघायला येऊन येऊन किती येणार? माणसं होती फिलाडेल्फियात, पिट्सबर्गमध्ये, वॉशिंग्टनमध्ये. दर शनिवारी दुसऱ्याच्या मैदानावर, दुसऱ्याच्या प्रेक्षकांसमोर. पिसं लावलेल्या आदिवासींची व्यंगचित्रं वर्तमानपत्रांत आदल्या दिवशीच आलेली. ‘इंडियन’ बघायला गर्दी व्हायची आणि त्या गर्दीचा वाटा गाडीनं परत कार्लाइलला यायचा. शाळा सरकारी, पण हा पैसा सरकारी तिजोरीत जात नव्हता. त्याची वेगळी क्रीडा संघटना होती, वेगळी गंगाजळी होती, आणि किल्ली वॉर्नर व शाळेचे अधीक्षक यांच्याकडं. त्या गंगाजळीतून आवारात वॉर्नर यांचं घर उभं राहिलं. खेळाडूंसाठी वेगळं वसतिगृह झालं, त्यांना इतरांपेक्षा चांगलं जेवण मिळू लागलं. वर्तमानपत्रांत शाळेचं नाव गाजत ठेवायलाही त्यातलेच पैसे गेले. खेळाडूंना काय? पहिल्या संघात असाल तर गावातल्या दुकानातून सूट आणि ओव्हरकोट. मधे काही वर्षं थोडी रोखही मिळत होती, मग बोंबाबोंब झाली आणि ती थांबली.

शिकागोत डॉक्टरकी करणारे कार्लोस मॉन्टेझुमा, स्वतः याव्हापाय जमातीचे आणि एकेकाळी कार्लाइलमध्येच नोकरीला असलेले. त्यांनी 1907 च्या विजयी हंगामानंतर लगेच वर्तमानपत्रातून टीका केली की हा विद्यार्थ्यांचा संघच नव्हे, हा धंदा आहे. जिंकल्यावर बोलायला धाडस लागतं. हरल्यावर सगळेच शहाणे.

आता येतो तो ‘हौशी’ या शब्दाचा खेळ. आपण म्हणतो हौसेला मोल नाही. हौसेनं खेळतो तो हौशी, त्यानं पैसे घ्यायचे नाहीत. घेतले की बाटला. हे क्रीडाक्षेत्रातलं सोवळं मूळचं इंग्लंडचं. 1879 मध्ये हेन्लीच्या नौकाशर्यतींनी हौशीची व्याख्या केली तेव्हा कारागीर आणि मजूर यांना सरळ बाहेर ठेवलं. म्हणजे पैसे घेतले की नाही हा प्रश्नच नव्हता. हातानं काम करून पोट भरत असाल तर तुम्ही आमच्या पंगतीत नाही. सोवळ्याची कल्पना आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पुढं काही वर्षांनी पुण्यात पळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला फिरकी गोलंदाज मैदानावर हिंदूंच्या संघाला बळी मिळवून देत होता आणि चहाच्या वेळी त्याला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळत होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं 114 बळी घेतले, पण कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत दिलं नाही. चेंडू सगळ्यांनी हाताळलेला चालायचा.

अमेरिकेतलं सोवळं कसं होतं? येलचा 1904 सालचा कर्णधार जेम्स होगन. त्याची फी माफ, राहायला ऐसपैस खोल्या, हंगाम संपल्यावर क्यूबाची सहल, आणि गावात खपणाऱ्या एका कंपनीच्या सिगारेटींवर दलाली. हे सगळं 1905 मध्ये मासिकात छापून आलं. होगन हौशीच राहिला. जिम थॉर्पनं 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलायनात रॉकी माउंट या गावी बेसबॉल खेळून आठवड्याला काही डॉलर घेतले. म्हणजे इतर पोरं जेव्हा आउटिंगच्या नावाखाली शेतात राबत होती तेव्हा यानं राबण्याऐवजी खेळून मजुरी मिळवली. कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात हेच करायची, फक्त खोट्या नावानं. थॉर्पनं स्वतःचं नाव लावलं. जानेवारी 1913 मध्ये वर्तमानपत्रात ते आलं आणि पदकं गेली. आक्षेप घ्यायची तीस दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती, पण सोवळं मोडलं की मुदत कोण बघतो.

थॉर्पच्या सहीनं त्या वेळी एक पत्र गेलं: मी नुसता एक इंडियन शाळकरी पोरगा होतो, मला यातलं फारसं कळत नव्हतं, म्हणून थोडी क्षमा व्हावी. ते पत्र लिहिण्यात वॉर्नर यांचा हात होता असं मानलं जातं, आणि ते वाचताना मला तसंच वाटतं. आपला सर्वांत मोठा खेळाडू दोन उन्हाळे कुठं होता हे प्रशिक्षकाला ठाऊक नव्हतं, हे काही पटत नाही. पण पत्रात अज्ञानी फक्त थॉर्प आहे. वॉर्नर नामानिराळे, शाळा नामानिराळी. ऑलिंपिकविजेत्या, पंचविशीतल्या माणसाला ‘मला कळत नव्हतं’ असं लिहावं लागतं, तेव्हा ती क्षमायाचना कमी आणि शाळेचा दाखला जास्त वाटतो. स्टॉकहोमला त्याच स्पर्धांत थॉर्पच्या बराच मागं राहिलेला एव्हरी ब्रंडेज पुढं वीस वर्षं ऑलिंपिक समितीचा अध्यक्ष होता आणि पदकं परत करायचा विषय त्यानं कधी पुढं सरकू दिला नाही. 1982 मध्ये समितीनं थॉर्पला सहविजेता म्हटलं, तोवर त्याला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. एकमेव विजेता म्हणायला जुलै 2022 उजाडावा लागला.

इथं कुणीतरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की तुम्ही त्या पोरांना बिचारं करून टाकताय. फुटबॉल कुणी त्यांच्यावर लादला नव्हता. उलट सुरुवातीला एका सामन्यात पोराचा पाय मोडला तेव्हा प्रॅटनं बाहेरच्या संघांशी खेळणं बंदच करून टाकलं होतं. तेव्हा पोरंच त्याच्या खोलीत गेली, परवानगी मागितली. प्रॅटनं दोन अटी घातल्या: समोरच्यानं गुद्दा मारला तरी तुम्ही मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातला सर्वांत तगडा संघ हरवून दाखवायचा. दोन्ही अटी पोरांनी मान्य केल्या. म्हणजे त्या सगळ्या शाळेत, जिथं नाव, केस, भाषा काहीच स्वतःचं निवडलेलं नव्हतं, तिथं फुटबॉल ही एकमेव गोष्ट त्यांनी मागून घेतलेली. मैदानावर त्यांचं डोकं चालायचं आणि कुणी त्यांना थांबवू शकत नव्हतं. 1903 मध्ये हार्वर्डविरुद्ध चेंडू चार्ली डिलनच्या जर्सीत पाठीमागं लपवला आणि तो शंभर यार्ड निवांत पळत गेला. हार्वर्डचे खेळाडू चेंडू कुठाय म्हणून इतरांना पाडत बसले. (तो सामना कार्लाइल एका गुणानं हरलं, 12-11. गोष्ट सांगताना लोक हे सोयीस्करपणे गाळतात.) 1907 मध्ये शिकागोविरुद्ध ॲल्बर्ट एक्सेंडाइन सीमारेषेबाहेर पळाला, राखीव खेळाडूंच्या मागून वळसा घालून पुन्हा आत शिरला आणि मोकळ्या मैदानात झेल घेतला. हे हसू त्यांचं होतं. उतारवयातही ही माणसं त्या दिवसांबद्दल अभिमानानं बोलत. तो अभिमान खोटा होता असं मी दूर बसून कुणाला सांगणार नाही.

पण म्हणूनच हिशेब जास्त टोचतो. मागून घेतलेली एकच गोष्ट, आणि तीसुद्धा ज्याच्या हाती ससा तो पारधी या न्यायानं दुसऱ्याची झाली. शाळेनं त्यांना काय शिकवलं हे बघायचं तर फार लांब जायला नको. त्याच गावात डिकिन्सन कॉलेज आहे, ज्याला 1912 मध्ये कार्लाइलनं 34-0 हरवलं. फ्रँक माउंट प्लेझंट तिथं शिकला आणि पदवीधर झाला. एक्सेंडाइन आणि वेल्श यांनी तिथं कायद्याचा अभ्यास केला. म्हणजे डोकी होती. शाळेला त्यांतून सुतार आणि मोलकरणी हव्या होत्या, आणि शनिवारी अकरा जण.

आजची बातमी अशी की अमेरिकेनं अखेर कॉलेजच्या खेळाडूंना पैसे द्यायचं ठरवलंय. जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. जून 2025 मध्ये न्यायालयानं एक तडजोड मंजूर केली आणि मोठ्या विद्यापीठांना 2025-26 या पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंमध्ये वाटायची मुभा मिळाली. यावर दोन प्रकारचे उसासे ऐकू येतात. एक गट म्हणतो, संपलं सगळं, खेळातली निर्मळ हौस गेली. या मंडळींना 1912 ची यादी वाचायला द्यावी. शनिवारी वॉशिंग्टन, सोमवारी टोरांटो, ही हौस असेल तर हमालीला काय म्हणायचं? पैसा कॉलेजच्या खेळात पहिल्यापासून होता. प्रशिक्षकाला होता, आगगाडी कंपनीला होता, वर्तमानपत्राला होता, सिगारेटवाल्याला होता. फक्त पळणाऱ्यानं तो घेतला की बाटायचा.

दुसरा गट म्हणतो, मिळाले ना पैसे, मग आता तक्रार कसली. इथं मी थांबतो. पैसे मिळायलाच हवेत, त्यात शंका नाही. पण कार्लाइलचा प्रश्न निव्वळ रोजंदारीचा नव्हता. खेळाडूंना सूट मिळत होता, ओव्हरकोट मिळत होता, इतरांपेक्षा बरं ताट मिळत होतं. म्हणजे मोबदला होताच. नव्हतं ते बोलणं. सामने किती, कुठं, मधला दिवस कुणाचा, वर्गाचं काय, दुखापत झाली तर काय, गल्ला मोजताना समोर कोण बसणार, यातलं एकही उत्तर खेळणाऱ्याच्या हातात नव्हतं. आजही फार नाही. आज वाटली जाणारी रक्कम किती आणि कुणाला, हे बहुतांशी विद्यापीठ ठरवतं. खेळाडू नोकर आहे की विद्यार्थी, याचं उत्तर मुद्दाम अधांतरी ठेवलंय, कारण नोकर म्हटलं की कामगार संघटना आली, नुकसानभरपाई आली, कामाचे तास आले. मार्च 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी संघटना बांधायच्या बाजूनं मत दिलं. वर्ष संपता संपता संघटनेच्या मान्यतेचा अर्ज मागं घेतला गेला. डार्टमथ हे कॉलेज 1769 च्या ज्या सनदेवर उभं आहे, तिच्यात आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा हेतू नोंदलाय, हा योगायोग मला गप्प बसू देत नाही.

आपल्या ओळखीतली कितीतरी मराठी मुलं अमेरिकी विद्यापीठांत शिकतात. शनिवारी स्टेडियमबाहेरचे फोटो येतात, शाळेच्या रंगाचे सदरे घातलेले, पाठीमागं लाखभर माणसांचा समुद्र. मजाच असते, नाही म्हणत नाही. अनेक विद्यापीठं क्रीडा विभागासाठी सगळ्या विद्यार्थ्यांकडून वेगळं शुल्क घेतात, त्यात आपल्या आईबापांनी कर्ज काढून भरलेले डॉलरही असतात. तेव्हा हा वाद परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. निदान एवढं तरी विचारावं: क्रीडा विभागाचा ताळेबंद विद्यार्थ्यांपुढं ठेवला जातो का? हंगामात किती तास बुडतात याची नोंद कुणी ठेवतं का? आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या टेबलाशी एखादा खेळाडू, मत द्यायचा अधिकार असलेला, बसतो का? मला विचाराल तर माझी मागणी याच क्रमानं नाही, शेवटची आधी. पैशाची गणितं वकील सोडवतात. टेबलाशी खुर्ची मात्र मागूनच घ्यावी लागते.

ती मागून घेणारा पहिला खेळाडू मला तरी गस वेल्श वाटतो.

थॉर्प गेला, 1913 चा हंगामही झोकात झाला, दहा विजय. बाहेरून बघता सगळं ठीक होतं. आतमध्ये शाळा सडत होती. जेवण निकृष्ट, शिक्षा बेसुमार, अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना मुलं तोंडावर चिडवत. फुटबॉलपटूंना वेगळं ताट होतं, त्यामुळं त्यांनी गप्प बसणं सोयीचं होतं. अशा वेळी पंगतीतला मुलगा सहसा वाढप्याबद्दल बोलत नाही. वेल्श बोलला. 1912 मध्ये वेस्ट पॉइंटला संघ हाकणारा, नंतर संघाचा कर्णधार झालेला हा मुलगा चौकशी मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अर्जात पुढं होता. 1914 च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेची संयुक्त समिती कार्लाइलला येऊन बसली. साक्षी झाल्या. क्रीडा संघटनेची खाती उघडली गेली. हॉटेलच्या दिवाणखान्यात वॉर्नर स्वतः तिकिटं विकत, सामन्यांवर पैजा लावत, पोरांना शिवीगाळ करत, असं खेळाडूंनी शपथेवर सांगितलं. वेल्शला प्रशिक्षकाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं दिलेल्या उत्तराचा आशय असा: फुटबॉल शिकवणारा म्हणून चांगला, पण तत्त्व नावाची गोष्ट त्या माणसाला नाही. दोन्ही वाक्यं एका दमात. पहिलं वाक्य त्यानं गाळलं नाही, म्हणून दुसऱ्याला वजन आहे.

पुढं फ्रीडमन यांना जावं लागलं. वॉर्नर 1914 चा हंगाम संपवून पिट्सबर्ग विद्यापीठात गेले, तिथं अजिंक्य संघ उभे केले, आणि आज मुलांच्या एका देशव्यापी फुटबॉल संघटनेला त्यांचं नाव आहे. शाळा 1918 मध्ये बंद झाली. डिसेंबर 2024 मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

चौकशी मागणारा तो अर्ज मात्र या साऱ्याच्या आधीचा आहे. पहिल्या तुकडीतल्या मुलांनी जिथं काठीनं फळ्यावरची नावं दाखवली होती, त्याच शाळेतल्या मुलांनी त्या तऱ्हेच्या इंग्रजी नावांनी, शाळेनंच घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरांत, त्याच्यावर सह्या केल्या. सह्या 276 होत्या.